मूल हवंय? क्लिनिकच्या कागदावर सही करण्याआधी कायदा समजून घ्या

निकाहला चार-पाच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात कुजबुज सुरू होते. सुरुवातीला दुआ, मग हकीम, मग डॉक्टर आणि शेवटी 'टेस्ट ट्यूब'. वर्सोवा, यारी रोड, सात बंगला, लोखंडवाला या भागात वंध्यत्व उपचाराच्या पाट्या शोधाव्या लागत नाहीत. त्यामुळे क्लिनिकपर्यंत पोहोचणं सोपं झालंय. पण तिथे जे कागद पुढे येतात त्यांत काय लिहिलंय, हे फार थोड्या जोडप्यांना ठाऊक असतं. 'इथे सही करा, इथे करा, आणि इथे' असं सांगितलं जातं आणि आपण करतो. मूल हवं असतं, त्या घाईत कोण वाचतं?

त्यात आपल्या भागात सिनेमावाल्यांची उदाहरणं तोंडावर असतात. 'शाहरुखनं केलं, करण जोहरनं केलं, मग आपल्याला का नाही?' खरी गोष्ट अशी की तो काळ वेगळा होता. २०१३ मध्ये शाहरुख आणि गौरी खान यांना सरोगसीने तिसरं अपत्य झालं. २०१६ मध्ये तुषार कपूर आणि २०१७ मध्ये करण जोहर लग्न न करता सरोगसीने वडील झाले. आजच्या कायद्यात यातली एकही गोष्ट बसत नाही. धडधाकट अपत्य असलेल्या जोडप्याला सरोगसी करता येत नाही आणि एकट्या पुरुषाला तर मुळीच नाही.

म्हणून हा लेख. सांगायची गोष्ट एकच आहे. मुलाचे आईवडील कोण, हे आता मूल जन्मल्यानंतर ठरत नाही. गर्भ ठेवण्याआधी ज्या कागदांवर सह्या होतात, तिथेच ते ठरतं. नंतर धावपळ करून फारसा उपयोग होत नाही.

दोन कायदे, दोन वेगळ्या वाटा

संसदेने २०२१ मध्ये दोन कायदे केले आणि दोन्ही २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पहिला सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा. आयव्हीएफ, शुक्राणू किंवा स्त्रीबीज दान, भ्रूण गोठवून ठेवणं हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. दुसरा सरोगसी नियमन कायदा. मूल दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढणार असेल तर तो लागतो. लोक दोन्हींची सरमिसळ करतात. 'आयव्हीएफ करायचंय, पण ते सरोगसीवाले नियम नकोत' असं म्हणणारेही भेटतात. पण नवऱ्याचे शुक्राणू, बायकोचं बीज आणि बायकोचंच गर्भाशय असेल, तर सरोगसीच्या कायद्याचा संबंधच येत नाही.

याआधी आपल्याकडे फक्त भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, कायदा नव्हता. त्याचा परिणाम २००८ मध्ये दिसला. गुजरातेतल्या आणंदला एका जपानी जोडप्यासाठी सरोगसीने मुलगी जन्मली. 'बेबी मांजी' या नावाने ते प्रकरण प्रसिद्ध आहे. मुलीच्या जन्माआधीच त्या जोडप्याचा घटस्फोट झाला होता. होणाऱ्या आईने अंग काढून घेतलं आणि तान्ह्या मुलीला देशाबाहेर नेण्यासाठी आजीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. जन्मलेल्या बाळाचं कोण, असा प्रश्न पुन्हा पडू नये, हे आजच्या कायद्यांमागचं एक मोठं कारण आहे.

आयव्हीएफ करणार असाल तर

या कायद्याखाली उपचार घेणाऱ्या स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ च्या आत असायला हवं. क्लिनिक नोंदणीकृत असलं पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच कसला? मुलाच्या शाळेची मान्यता आपण विचारतोच ना, तसंच हे. उपचाराआधी समुपदेशन आणि सगळ्या संबंधितांची लेखी संमती हवी. भ्रूण गर्भाशयात ठेवण्याआधी ही संमती मागे घेता येते. गर्भलिंग निवडणं हा गुन्हा आहे. 'मुलगाच होईल' असं कोणी सुचवलं, तर तिथून उठून या.

स्त्रीबीज दानाचे नियम जास्त कडक आहेत. दान करणारी स्त्री २३ ते ३५ वयाची हवी. आयुष्यात एकदाच दान करता येतं आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. तिचा विमा उतरवावा लागतो. दात्यांची तपासणी आणि नमुने गोळा करण्याचं काम नोंदणीकृत बँकेचं आहे. म्हणजे 'धाकट्या बहिणीचं बीज घेऊ, घरातल्या घरात होईल' हा घरगुती तोडगा नाही.

इतकी सक्ती कशाला, असं कोणाला वाटेल. २०१० मध्ये याच मुंबईत १७ वर्षांची एक मुलगी बीजदानानंतर दोन दिवसांत मरण पावली. गरीब घरातली होती, पैशासाठी दान करत होती. आपल्याला मूल हवं म्हणून दुसऱ्याची मुलगी धोक्यात घालायची का, हा प्रश्न कायद्याइतकाच आपल्या इमानाचाही आहे.

दात्याच्या मदतीने झालेलं मूल कायद्याने उपचार घेणाऱ्या जोडप्याचंच जैविक मूल मानलं जातं. दात्याचे पालकत्वाचे सगळे हक्क संपतात.

सरोगसी कोणाला करता येते?

जोडपं कायदेशीर विवाहित भारतीय असावं. बायकोचं वय २३ ते ५० आणि नवऱ्याचं २६ ते ५५. आधीचं हयात मूल नसावं, मग ते पोटचं असो, दत्तक असो की सरोगसीचं. मूल अपंग, मतिमंद किंवा बरा न होणारा जीवघेणा आजार असलेलं असेल तर मात्र सूट आहे. एकट्या स्त्रियांपैकी फक्त विधवा आणि घटस्फोटितेला परवानगी आहे, वय ३५ ते ४५.

वैद्यकीय कारणही लागतं. गर्भाशय नसणं किंवा त्यात दोष असणं, आयव्हीएफ वारंवार फसणं, कारण न कळता पुन्हा पुन्हा गर्भपात होणं, गरोदरपणाने जिवाला धोका होईल असा आजार असणं. 'ऑफिस सांभाळायचंय' किंवा 'शरीर बिघडेल' ही कारणं चालत नाहीत.

ज्या जोडप्यांनी कायदा येण्याआधी भ्रूण गोठवून ठेवले होते, त्यांची मधल्या काळात वयोमर्यादा उलटून गेली. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशांना दिलासा दिला. ज्यांनी आधीच ही प्रक्रिया सुरू केली होती, त्यांना नंतर आलेली वयाची अट लावता येणार नाही, असा तो निकाल आहे.

सरोगेट होणारी स्त्री २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली आणि स्वतःचं मूल असलेली हवी. तिला आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं. तिचं स्वतःचं बीज वापरता येत नाही. गर्भ ठेवण्याआधी ती नाही म्हणू शकते. नंतरही तिच्यावर गर्भपाताची जबरदस्ती करता येत नाही. तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमा जोडप्याने काढायचा असतो.

बीजाबाबतचा नियम दोनदा बदलला, म्हणून गोंधळ होतो. मार्च २०२३ मध्ये ठरलं की दोन्ही बीजं जोडप्याचीच हवीत. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने ते सैल झालं. नवरा किंवा बायको यांपैकी एकाला वैद्यकीय अडचण असल्याचं जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केलं, तर एक बीज दात्याचं चालतं. दुसरं जोडप्याचंच हवं. विधवा किंवा घटस्फोटितेला मात्र स्वतःचं बीज वापरावं लागतं.

कोर्टाचा आदेश आधी, गर्भ नंतर

सरोगसीसाठी कागदांचा क्रम पाठ करून ठेवा. आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. मग प्रथम वर्ग किंवा त्यावरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश. त्यासाठी जोडपं आणि सरोगेट स्त्री, दोघांचा अर्ज लागतो. जन्मणाऱ्या मुलाचे पालक कोण आणि ताबा कोणाकडे, हे कोर्ट आदल्या टप्प्यातच लिहून देतं. मूल जन्मल्यावर हाच आदेश जन्माच्या प्रतिज्ञापत्रासारखा धरला जातो. त्यानंतर विमा आणि शेवटी समुचित प्राधिकाऱ्याचं पात्रता प्रमाणपत्र. हे सगळं हातात आल्यावरच प्रक्रिया सुरू होते.

मी शाळेत शिकवते. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्यावरचं एक अक्षर चुकलं तरी पालकांना किती हेलपाटे पडतात, हे दर जूनमध्ये बघते. आता तर २०२४ पासून राज्य सरकारने शासकीय कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं ठरवलंय. जिथे आई कोण हेच कागदावर स्पष्ट नसेल, तिथे त्या मुलाला पहिलीच्या प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत अडचण येणार. कोर्टाचा आदेश त्याच्यासाठी आहे, आपल्याला त्रास द्यायला नाही.

पैसे आणि एजंट

भारतात सरोगसीसाठी मोबदला देता येत नाही. वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत दिलेले इतर खर्च, एवढंच. 'बाई मी आणते, कागद मी करते, तुम्ही फक्त पॅकेज भरा' असं सांगणारा किंवा सांगणारी भेटली, तर ते बेकायदेशीर आहे. आणि अडकतो फक्त एजंट, असं समजू नका. पैसे देऊन सरोगसी करवणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्यांदा केलं तर १० वर्षं आणि १० लाख. सोनं विकून, भिशी उचलून भरलेले पैसे गेले तरी तक्रार कुठे करणार? तक्रार करणारा स्वतःच आरोपी.

सहीची किंमत: मुंबईतले दोन खटले

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नवी मुंबईतल्या एका आईचं प्रकरण आलं. तिला सरोगसीने जुळ्या मुली झाल्या होत्या आणि स्त्रीबीज तिच्या धाकट्या बहिणीने दिलं होतं. पुढे नवरा-बायकोत बिनसलं. नवरा मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि ती बहीणही तिथेच राहायला गेली. आईला मुलींना भेटू देईनात. नवऱ्याचं म्हणणं, बीज मेहुणीचं, म्हणून मुलींवर हक्क तिचा, बायकोचा नाही. न्यायालयाने हे फेटाळलं. बीज देणारी जास्तीत जास्त अनुवंशिक आई म्हणता येईल, पण दात्याला पालकत्वाचा कायदेशीर हक्क नाही. २०१८ चा सरोगसी करार नवरा आणि बायको या दोघांच्या सह्यांचा होता, म्हणून पालक तेच. आईला दर आठवड्याला मुलींना भेटण्याची परवानगी मिळाली. विचार करा, त्या करारावर तिची सही नसती तर?

दुसरं प्रकरण जून २०२५ चं. कर्करोगाच्या उपचाराआधी एका अविवाहित तरुणाने आपले शुक्राणू गोठवून ठेवले होते. फॉर्मवर त्याने मान्य केलं होतं की आपल्या मृत्यूनंतर ते नष्ट करावेत. तो गेल्यावर आईने ते मागितले. केंद्राने त्याची लेखी इच्छा दाखवून नकार दिला. मुलाने घरच्यांना न विचारता ते लिहिलं, असं आईचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवायला सांगितलं. फॉर्मवरची एक ओळ आईला कोर्टात घेऊन गेली.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. बीज कोणाचं वापरणार हे कागदावर स्पष्ट आहे का? उरलेले भ्रूण किती काळ ठेवणार? कायद्याने जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. आणि दोघांपैकी एक वारला किंवा तलाक झाला, तर त्यांचं काय करायचं? उत्तर समजेल अशा भाषेत मागा. मराठी, उर्दू, हिंदी, जी येते ती. प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.

निकाहनामा, तलाकनामा आणि आपले कागद

कायदा 'कायदेशीर विवाहित' म्हणतो. निकाह वैध आहेच, पण सिद्ध करायला फक्त काझींची पावती ठेवू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाह नोंदणी करता येते. वर्सोव्यातल्या लोकांसाठी पालिकेचं के पश्चिम विभाग कार्यालय आहे. निकाहनाम्यात 'शेख', आधारवर 'शैख', पासपोर्टवर आडनावच नाही, असं असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जाण्याआधी ते एकसारखं करून घ्या.

घटस्फोटित बहिणींसाठी महत्त्वाचं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा केला. म्हणजे नवरा तीनदा तलाक म्हणून निघून गेला असेल, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही अजून विवाहित आहात. एकटी स्त्री म्हणून अर्ज करायचा तर आधी कुटुंब न्यायालयाकडून दर्जा स्पष्ट करून घ्यावा लागेल. खुला झाला असेल तरी कोर्टाचा कागद असणं शहाणपणाचं.

शरीयतचं काय?

मी आलिमा नाही, त्यामुळे फतवा देत नाही. पण माहिती म्हणून सांगते. १९८० मध्ये अल-अझहरने दिलेल्या मतात नवरा-बायकोचं बीज आणि बायकोचंच गर्भाशय असेल तर आयव्हीएफला हरकत घेतली नाही. तिसऱ्या व्यक्तीला मात्र मनाई केली. १९८६ मध्ये अम्मानला आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकादमीने हेच ठरवलं. मक्केतल्या फिकह परिषदेने १९८४ मध्ये एकाच नवऱ्याच्या दोन बायकांमध्ये सरोगसी चालेल म्हटलं होतं, पण पुढच्याच वर्षी ते मागे घेतलं. कारण नसब. मुलाचा वंश स्पष्ट राहावा, हा आग्रह. शिया जमातींमध्ये वेगळं मत आहे. १९९९ मध्ये आयतुल्ला खामेनेई यांनी काही अटींवर स्त्रीबीज दानाला मुभा दिली आणि २००३ मध्ये इराणने भ्रूणदानाचा कायदा केला.

म्हणजे नवरा-बायकोपुरता आयव्हीएफ कायद्यातही बसतो आणि बहुतेक उलेमांच्या मतातही. सरोगसी कायद्यात बसली तरी सुन्नी उलेमा बहुधा मान्य करत नाहीत. निर्णय घेण्याआधी आपल्या मुफ्तींना किंवा आलिमांना विचारा. पण प्रश्न पूर्ण विचारा. 'टेस्ट ट्यूब जायज आहे का?' एवढंच विचारलं तर उत्तर अर्धंच मिळेल. बीज कोणाचं आणि गर्भाशय कोणाचं, हे सांगा. डॉक्टरांनाही तेच आधी सांगा की आम्हाला दात्याचं बीज नको, आणि ते संमतीपत्रावर लिहून घ्या.

विरासतीचा प्रश्न

सरोगसीने झालेलं मूल जोडप्याचं जैविक मूल मानलं जाईल आणि नैसर्गिक मुलाचे सगळे हक्क त्याला असतील, असं कायदा सांगतो. दत्तकाची गोष्ट वेगळी. २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मात्र दत्तक मूल आपोआप वारस होत नाही. त्याच्यासाठी हयातीत हिबा करता येतो किंवा एक तृतीयांशापर्यंत वसियत. दीराचं किंवा भावाचं मूल मांडीवर घेणाऱ्या घरांत हे कागद सहसा कोणी करत नाही. मग आईवडील गेल्यावर भाऊबंद त्या मुलाला दारात उभं करत नाहीत. मूल कोणत्याही वाटेने आलेलं असो, हिबा किंवा वसियत आपल्या हातपाय चालू असतानाच करून ठेवा.

नोकरी करणाऱ्या आयांसाठी

२०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सरोगसीने आई झालेल्या एका महाविद्यालयीन शिक्षिकेला मातृत्व रजेचा हक्क आहे, असा निकाल दिला. २०१७ च्या दुरुस्तीने स्वतःच्या बीजाने सरोगसी करणाऱ्या आईला, मूल हातात आल्यापासून १२ आठवड्यांची रजा मिळाली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०२४ पासून सरोगेट आणि आई या दोघींना १८० दिवस आणि वडिलांना १५ दिवस रजा आहे. रजा नाकारली तर नियम दाखवा, गप्प बसू नका.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून सल्ला टाळू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलाय, तिचं उत्पन्न कितीही असो. मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. जाताना निकाहनामा, विवाह नोंदणी, आधार, वैद्यकीय अहवाल आणि क्लिनिकने दिलेला कोरा फॉर्म सोबत घ्या. कोरा म्हणजे सही न केलेला. सही करून झाल्यावर गेलात, तर वकीलही फक्त वाचूनच दाखवू शकेल.